विश्लेषण : अर्ध्या किमतीतली गेमची ‘की’ नेमकी येते कुठून?

‘कितीला मिळते?’ याआधी ‘कोणाकडून आली?’ हे विचारले, तर बहुतेक फसवणूक टळते

दिवाळीच्या सुटीत रात्री साडेअकरा वाजता आतेभावाचा फोन आला. तो सांगलीला अकरावीत आहे. ‘‘दादा, माझा गेम गायब झालाय.’’ मला वाटले, लॅपटॉप बिघडला असेल, पुन्हा डाऊनलोड केला की झाले. पण तसे नव्हते. स्टीमच्या लायब्ररीत तीन आठवडे दिसणारे गेमचे नाव आता तिथे नव्हतेच. स्टोअरमध्ये त्या गेमखाली पुन्हा ‘कार्टमध्ये टाका’ असे बटण आले होते.

हा गेम त्याने स्टीमवरून घेतलाच नव्हता. तिथे किंमत तीन हजारांच्या पुढे होती. गणपतीत पाहुण्यांनी दिलेले पैसे साठवून त्याने एका परदेशी संकेतस्थळावरून १३५० रुपयांना गेमची ‘की’ घेतली होती. पैसे आत्याच्या कार्डावरून गेले. की लगेच मिळाली, चाललीही. विक्रेत्याला मेल केला तेव्हा उत्तर आले की हमीचा काळ १४ दिवसांचा होता, तो संपला आहे.

त्याचा पुढचा प्रश्न मला अजून आठवतो. ‘‘मी पूर्ण पैसे भरले होते ना? मग चोरासारखं माझ्याकडून काढून का घेतलं?’’

सवलतीत गेम-की विकणाऱ्या संकेतस्थळांच्या जाहिराती आता यूट्यूबच्या गेमिंग व्हिडीओंत सर्रास दिसतात. खरेदी करणारे बहुतेक जण शाळा-कॉलेजातले असतात आणि कार्ड आई-वडिलांचे असते. त्यामुळे गेम खेळणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनीही हे प्रकरण समजून घेणे गरजेचे आहे.

गेमची ‘की’ म्हणजे काय?

की म्हणजे अक्षरे आणि आकडे मिळून झालेला एक संकेतांक. स्टीमची नेहमीची की १५ अक्षरांची असते, पाच-पाचच्या तीन गटांत. स्टीममध्ये ‘प्रॉडक्ट ॲक्टिव्हेट करा’ या ठिकाणी ती टाकली की सर्व्हर तपासतो. की खरी असेल आणि आधी वापरलेली नसेल, तर गेम तुमच्या खात्याला जोडला जातो. एकदा वापरलेली की दुसऱ्या खात्यात चालत नाही.

मुद्दा असा, की म्हणजे गेम नव्हे. ती गेम वापरण्याची परवानगी आहे आणि ती परवानगी देणाऱ्याच्या सर्व्हरवर नोंदलेली असते. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरण्याआधी हेच सांगते की तुम्ही उत्पादनाचा परवाना घेत आहात. सीडीचा जमाना होता तेव्हा डबा आपल्या कपाटात असायचा. आता कपाट कंपनीचे आहे, आपल्याकडे फक्त किल्ली आहे. किल्ली चुकीच्या मार्गाने आली असे कंपनीला कळले, तर ती कुलूप बदलू शकते.

मग ती स्वस्त कशी मिळते?

सगळ्या स्वस्त की चोरीच्या नसतात, हे आधीच स्पष्ट करायला हवे. वैध मार्गानेही मोठी सवलत मिळते आणि त्यामागे साधे अर्थकारण आहे.

स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह ही कंपनी आपल्या स्टोअरवरच्या विक्रीतून साधारणपणे ३० टक्के वाटा घेते. मात्र गेम बनवणाऱ्यांना ती स्टीमच्या की मोफत देते आणि त्या की इतर दुकानांतून विकल्या गेल्या, तर त्यात वाटा मागत नाही. अट एवढीच की स्टीमच्या ग्राहकांना त्यामुळे वाईट वागणूक मिळता कामा नये. म्हणून हंबल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग यांसारखी अधिकृत दुकाने आपल्या नफ्यातला थोडा भाग सोडून सवलत देऊ शकतात. ही दुकाने की थेट प्रकाशकाकडून किंवा त्याच्या अधिकृत वितरकाकडून घेतात.

दुसरा मार्ग गठ्ठ्याचा. हंबलने २०१० मध्ये लोकप्रिय केलेल्या ‘बंडल’ पद्धतीत अनेक गेम एकत्र, अगदी कमी पैशांत मिळतात. घेणाऱ्याला त्यातले तीनच हवे असतात. उरलेल्या की काही जण पुढे विकतात. ही चोरी नाही, पण बहुतेक वेळा दुकानाच्या अटींचा भंग असतो.

तिसरा मार्ग देशोदेशींच्या किमतींतल्या फरकाचा. लोकांचे उत्पन्न पाहून प्रकाशक काही देशांत किंमत कमी ठेवतात. तिथून की उचलायच्या आणि महाग देशांत विकायच्या, हा धंदा वर्षानुवर्षे चालला. अर्जेंटिना आणि तुर्किये ही त्यासाठी गाजलेली ठिकाणे. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने या दोन्ही देशांतली स्थानिक चलनातली विक्री बंद करून डॉलरमध्ये किमती लावल्या. स्थानिक चलनाची घसरण हे त्याचे मुख्य कारण होते, पण स्वस्ताईचा तो झराही आटला.

चौथा मार्ग मात्र उघड गुन्ह्याचा. एखाद्याच्या चोरलेल्या कार्डाचा तपशील वापरून अधिकृत दुकानातून ढीगभर की घ्यायच्या आणि खुल्या बाजारपेठेत अर्ध्या किमतीला विकायच्या. विकणाऱ्याला त्या फुकटच पडलेल्या असतात, म्हणून कितीही कमी किंमत परवडते. चोरीचा सोन्याचा दागिना वितळवला की ओळखू येत नाही, तसे इथे चोरीच्या कार्डाचे रूपांतर स्वच्छ पैशांत होते.

याच्याच जवळचा पाचवा प्रकार म्हणजे तोतयेगिरी. ‘मी मोठा यूट्यूबर आहे, परीक्षणासाठी चार की पाठवा’ असे मेल छोट्या स्टुडिओंना सतत येतात. नाव खऱ्या यूट्यूबरचे असते, मेलच्या पत्त्यात एखादे अक्षर बदललेले असते. बिचारा निर्माता प्रसिद्धीच्या आशेने की पाठवतो आणि त्या विक्रीला लागतात.

खरेदी करणाऱ्याच्या पडद्यावर या पाचही प्रकारच्या की हुबेहूब सारख्या दिसतात. खरी अडचण हीच आहे.

पैसे भरूनही गेम का काढला जातो?

ज्याचे कार्ड चोरले गेले, त्याला महिनाअखेरीस बिल पाहून धक्का बसतो. तो बँकेकडे तक्रार करतो. बँक व्यवहार उलटवून त्याला पैसे परत देते. यालाच ‘चार्जबॅक’ म्हणतात. म्हणजे ज्या दुकानाने की विकली, त्याचे पैसे गेले, कीही गेली आणि वर बँकेचे शुल्क बसले. मग दुकान प्रकाशकाला कळवते आणि प्रकाशक त्या की रद्द करतो.

या सगळ्याला काही आठवडे लागतात. आतेभावाचा गेम तीन आठवडे चालला आणि मग गेला, त्याचा क्रम कदाचित हाच असावा. ‘की चालली म्हणजे खरी होती’ हा समज त्यामुळेच धोकादायक आहे. विक्रेत्याच्या हमीचा काळ अनेकदा संपलेला असतो, तेव्हा कुठे की रद्द होते.

याचे गाजलेले उदाहरण जानेवारी २०१५ मधले आहे. युबीसॉफ्ट या कंपनीने ‘फार क्राय ४’ आणि इतर काही गेमच्या की अचानक रद्द केल्या. खेळणारे संतापले. नंतर कंपनीने सांगितले की, या की दुसऱ्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून चोरीच्या कार्डांवर घेऊन पुढे विकल्या गेल्या होत्या. ज्यांनी गेम सुरू करून खेळायला घेतला होता, त्यांना कंपनीने तो परत दिला. पण तो कंपनीचा समजूतदारपणा होता, ग्राहकाचा हक्क नव्हे. प्रत्येक प्रकाशक तसे करीलच असे नाही.

नुकसान फक्त बड्या कंपन्यांचे होते का?

‘एवढ्या मोठ्या कंपन्यांना काय फरक पडतो?’ हा युक्तिवाद मी कॉलेजच्या होस्टेलमध्ये स्वतः केला आहे. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी आम्ही चौघांनी वर्गणी काढून अशीच एक की घेतली होती. ती सुदैवाने चालली. सुदैवाने, कारण ती कुठून आली हे आम्ही विचारलेही नव्हते.

या धंद्याचा फटका सर्वाधिक बसतो तो छोट्यांना. ‘फॅक्टोरिओ’ हा गेम बनवणारा चेक प्रजासत्ताकातला वूब सॉफ्टवेअर हा स्टुडिओ आपल्या संकेतस्थळावरून की विकत असे. २०१६ मध्ये चोरीच्या कार्डांवर त्यांच्या की उचलल्या गेल्या. प्रत्येक चार्जबॅकमागे सरासरी २० डॉलर शुल्क त्यांना भरावे लागले. गेमही गेला आणि वर दंडही बसला, असा हा हिशेब होता.

पुढे २०१९ मध्ये जीटूए या मोठ्या बाजारपेठेने जाहीर आव्हान दिले की, आमच्याकडे चोरीच्या की विकल्या गेल्याचे सिद्ध करा, चार्जबॅकच्या नुकसानीच्या दहापट रक्कम देऊ. वूबने आपल्या कींची यादी दिली. तपासणीत त्यातल्या १९८ की तिथे विकल्या गेल्याचे निष्पन्न झाले आणि मे २०२० मध्ये जीटूएने ३९,६०० डॉलर देण्याचे मान्य केले. बाजारपेठेने स्वतः कबूल केलेला हा आकडा असल्याने त्याचे महत्त्व मोठे आहे.

त्याआधी २०१६ मध्ये टायनीबिल्ड या प्रकाशकाने म्हटले होते की, आपल्या गेमच्या साडेचार लाख डॉलर किमतीच्या की त्याच बाजारपेठेत सुमारे दोन लाख डॉलरना विकल्या गेल्या आणि आपल्या हाती त्यातले काहीच आले नाही. जीटूएला हा आरोप मान्य नव्हता. पण वाद इतका पेटला की पुढे काही छोट्या निर्मात्यांनी ‘तिथून घेण्यापेक्षा आमचा गेम पायरेट करा’ असे उघडपणे सांगितले. त्यांचे म्हणणे सरळ होते. पायरसीत पैसे मिळत नाहीत, पण निदान चार्जबॅकचा दंड तरी बसत नाही.

हे आपल्यापासून फार दूरचे प्रकरण नाही. २०२० मध्ये जगभर नावाजलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने बनवला. अशा स्टुडिओंत मोजकी माणसे वर्षानुवर्षे एकाच गेमवर राबतात. तिथे शंभर-दोनशे कींचा फटका म्हणजे कोणाचा तरी महिन्याचा पगार असू शकतो.

दुकान आणि बाजारपेठ यांत फरक काय?

सगळा गोंधळ या एका फरकात दडला आहे. अधिकृत दुकान स्वतः की विकते. ती प्रकाशकाकडून आलेली असते आणि अडचण आली तर जबाबदारी दुकानाची असते. बाजारपेठ मात्र मंडईसारखी असते. जागा तिची, पण माल विकणारा वेगळाच. जीटूए, किंग्विन, एनेबा या अशा बाजारपेठा आहेत. कंपनीचे नाव ओळखीचे असते, ग्राहक त्या नावावर विश्वास ठेवतो आणि प्रत्यक्षात की घेतो ती अमुक-तमुक टोपणनावाच्या विक्रेत्याकडून.

न्यायाने बोलायचे तर या बाजारपेठाही बदलल्या आहेत. जीटूएने जुलै २०२० पासून गेम-की विकण्याची मुभा केवळ व्यावसायिक विक्रेत्यांना ठेवली. तिथली प्रत्येक की चोरीची असते असे कोणी म्हणू नये. अनेकांना वर्षानुवर्षे काही त्रास झालेला नाही. पण की कुठून आली, हे विक्रेता सांगत नाही आणि ग्राहकाला तपासता येत नाही. सवलतीतला काही भाग ही या अंधाराची किंमत असते.

दुकान अधिकृत आहे का, हे ओळखायचे सोपे मार्ग आहेत. गेमच्या किंवा प्रकाशकाच्या संकेतस्थळावर ‘कुठे खरेदी कराल’ ही यादी अनेकदा असते. ‘इज देअर एनी डील’ हे किमतींची तुलना करणारे संकेतस्थळ फक्त अधिकृत दुकानांच्या किमती दाखवते. ‘जीजी डॉट डील्स’वर अधिकृत दुकाने आणि की-शॉप यांच्या किमती वेगवेगळ्या दाखवल्या जातात. तिथे ‘ऑफिशियल’ रकान्यातलीच किंमत पाहावी.

पैसे भरण्याआधी काय तपासावे?

पहिली गोष्ट, तुम्ही नेमके काय घेत आहात? ‘की’, ‘गिफ्ट’ आणि ‘अकाउंट’ हे तीन वेगळे प्रकार आहेत. सर्वात स्वस्त दिसते ते अनेकदा ‘अकाउंट’ असते. म्हणजे गेम असलेल्या कोणा दुसऱ्याच्याच खात्याचे नाव आणि पासवर्ड. स्टीमच्या अटींनुसार खाते विकता येत नाही. मूळ मालक केव्हाही पासवर्ड बदलून ते परत घेऊ शकतो. यादीत ‘स्टीम अकाउंट’ असे बारीक अक्षरांत लिहिले असेल, तर तिथून बाहेर पडा.

दुसरी गोष्ट, की भारतात चालते का? ‘ग्लोबल’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले, तरी खाली देशांची यादी उघडून भारताचे नाव पाहावे. युरोप, लॅटिन अमेरिका अशा प्रदेशांपुरत्या मर्यादित की भारतात अडतात. ‘व्हीपीएन लावून ॲक्टिव्हेट करा’ असा सल्ला विक्रेता देत असेल, तर तो तुम्हाला नियम मोडायला सांगतो आहे. राहण्याचे ठिकाण लपवणे स्टीमच्या करारात निषिद्ध आहे. एका गेमपायी पूर्ण खाते पणाला लावण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट, शेवटची रक्कम. यादीत १३५० दिसतात, पैसे भरायच्या पानावर सेवाशुल्क वाढते, एखादी ‘संरक्षण योजना’ आपोआप टिक झालेली असते आणि परदेशी चलनामुळे बँकेचे शुल्क वेगळे लागते. हे सगळे धरले तर अधिकृत सेलमधल्या किमतीशी फरक कधी कधी शे-दोनशे रुपयांचाच उरतो. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये १३ प्रकारच्या ‘डार्क पॅटर्न’ना अनुचित ठरवले आहे. शेवटच्या पानावर किंमत फुगवणे, न विचारता टोपलीत वस्तू टाकणे आणि सहज रद्द न होणारी वर्गणी गळ्यात मारणे हे तिन्ही त्यात आहेत.

चौथी गोष्ट, गेमची आजवरची सर्वात कमी किंमत. ‘स्टीम डीबी’ या संकेतस्थळावर गेमच्या किमतीचा इतिहास दिसतो. दोन महिन्यांपूर्वी स्टीमवरच तो निम्म्या किमतीत होता असे दिसले, तर पुढच्या सेलपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

आणि पाचवी गोष्ट, पैसे कोणत्या मार्गाने देता? कार्डाने केलेल्या खरेदीत वाद झाला तर बँकेकडे दाद मागता येते. अनोळखी माणसाच्या खात्यात यूपीआयने थेट पाठवलेले पैसे, क्रिप्टो किंवा गिफ्ट कार्डचा क्रमांक यांत ती सोय जवळजवळ नसते. परदेशी संकेतस्थळावर कार्ड वापरायचेच असेल, तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहाराची मर्यादा हव्या तेवढ्या रकमेवर आणावी आणि खरेदी झाली की तो पर्याय बंद करावा.

टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामवरच्या ‘भाऊं’चे काय?

इथे माझे मत ठाम आहे. नको म्हणजे नको. बाजारपेठेत निदान तक्रारीची खिडकी असते. टेलिग्राम, डिस्कॉर्ड किंवा इन्स्टाग्रामवर ‘भाऊ, ट्रस्टेड आहे, प्रूफ बघ’ म्हणणाऱ्याकडे ब्लॉकचे बटण असते. त्याने दाखवलेले समाधानी ग्राहकांचे स्क्रीनशॉट पाच मिनिटांत बनवता येतात.

या मार्गाने होणाऱ्या फसवणुकीचे काही ठरलेले साचे आहेत. ‘रिफंड पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाक’ हा त्यातला सर्वात जुना. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देण्यासाठी लागतो. दुसरा साचा खोट्या लॉगिनचा. विक्रेता लिंक पाठवतो, ‘स्टीमने साइन इन करा’ अशी खिडकी उघडते. ती ब्राउझरची खरी खिडकी नसून पानावर काढलेले चित्र असते, अगदी खऱ्या पत्त्यासकट. अशी खिडकी धरून मूळ ब्राउझरच्या बाहेर ओढून पाहा. बाहेर येत नसेल, तर ती खोटी. तिसरा साचा म्हणजे की एखाद्या ‘ईएक्सई’ फाइलमध्ये देणे. की हा नुसता मजकूर असतो, त्यासाठी कोणतीही फाइल चालवावी लागत नाही. ती चालवली, तर लॅपटॉपमधले सगळे पासवर्ड जाऊ शकतात.

खात्याला ‘स्टीम गार्ड’ सुरू ठेवणे आणि त्याचा कोड कोणालाही न सांगणे, एवढे तरी प्रत्येकाने आजच करावे.

की चाललीच नाही तर?

पार्सल उघडताना आपण व्हिडीओ काढतो, तसाच इथेही काढावा. की पहिल्यांदा उघडण्यापासून ती टाकेपर्यंतचे स्क्रीन रेकॉर्डिंग हा तुमचा पुरावा. ‘आधीच वापरलेली’ असा संदेश आला तर त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. पुन्हा पुन्हा की टाकत बसू नये. सलग चुकीचे प्रयत्न झाले की स्टीम काही काळ की स्वीकारणेच थांबवते.

मग विक्रेत्याला त्याच संकेतस्थळाच्या तक्रार विभागातून कळवावे, व्हॉट्सॲपवर नाही. भारताच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे. भारतीय ग्राहकांना नियमित विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही हे नियम लागू आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सरळ फसवणूक झाली असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर शक्य तितक्या लवकर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

दोन सूचना महत्त्वाच्या. पहिली, बाहेरून घेतलेल्या कीचे पैसे स्टीम परत देत नाही. खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ, ही परताव्याची सोय फक्त स्टीमवरच्या खरेदीला आहे. अधिकृत दुकानाच्या कीलाही त्या दुकानाचे वेगळे नियम लागू होतात. दुसरी, स्टीमवरच घेतलेला गेम आवडला नाही म्हणून बँकेत चार्जबॅक करू नये. त्यामुळे स्टीमचे खातेच अडकू शकते. आधी परताव्याचा अर्ज करावा.

मग विद्यार्थ्याने गेम घ्यायचे तरी कसे?

हा प्रश्न खोटा नाही. सांगली, जळगाव किंवा नांदेडमधल्या कॉलेजच्या मुलाला चार-पाच हजारांचा गेम परवडत नाही आणि त्यात त्याची काही चूक नाही. स्टीमने २०१५ मध्ये भारतासाठी रुपयांत किमती सुरू केल्या. कोणत्या देशात किती किंमत ठेवावी, याच्या शिफारशी व्हॉल्व्ह प्रकाशकांना देते, पण शेवटचा निर्णय प्रकाशकाचा. अनेक मोठे प्रकाशक डॉलरची किंमत जवळजवळ तशीच रुपयांत उतरवतात. भारतीय खिशाचा विचार न करता किंमत ठेवायची आणि मग ग्रे मार्केटच्या नावाने ओरडायचे, हे त्यांनाही शोभत नाही. स्वस्त, चोख पर्याय समोर असेल तर लोक अंधारात जात नाहीत.

पण तोवर पर्याय अगदीच नाहीत असेही नाही. स्टीमचे मोठे सेल वर्षातून चारदा येतात. गेम विशलिस्टमध्ये टाकला की किंमत उतरल्यावर सूचना येते. एपिक गेम्स स्टोअर दर आठवड्याला मोफत गेम देते आणि ते कायम आपल्याकडे राहतात. हंबल आणि फॅनॅटिकलच्या बंडलमध्ये काही महिन्यांपूर्वीचे चांगले गेम थोडक्यात मिळतात. घरात दोन भावंडे खेळणारी असतील, तर सप्टेंबर २०२४ पासून सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘स्टीम फॅमिलीज’मध्ये एकाच घरातल्या सहा जणांपर्यंत लायब्ररी वाटून घेता येते. एकाने घेतलेला गेम दुसराही खेळतो, तोही नियमात राहून.

या सगळ्या मार्गांत पैसा वाचतो, फक्त वेळ थोडा जास्त जातो. गेम पहिल्याच आठवड्यात हवा असेल तर त्याची किंमत मोजावी लागते. सहा महिने थांबायची तयारी असेल, तर अधिकृत दुकानातच सवलत मिळते.

आपण जुना मोबाइल घेताना पहिला प्रश्न विचारतो, ‘बिल आणि बॉक्स आहे का?’ निम्म्या किमतीत मिळाला तरी बिल नसेल तर हात मागे घेतो. कारण उद्या पोलीस दारात आले, तर उत्तर आपल्याला द्यावे लागेल हे आपल्याला ठाऊक असते. कीच्या बाबतीत पोलीस येत नाहीत, म्हणून तो प्रश्न आपण विचारत नाही. पण बिलाविना घेतलेल्या वस्तूचे जे होते, तेच इथेही होते. ती आपल्याकडे असते, आपली नसते.

आतेभावाला मी हेच सांगितले. ‘तू चोरी केली नाहीस, पण चोरीचा माल असू शकेल असे दुकान निवडलेस.’ त्याला ते आवडले नाही आणि मी त्याच्या वयात असतो तर मलाही आवडले नसते. तक्रार केली, विक्रेत्याने ती दोन ओळींत बंद केली. १३५० रुपये आजही परत आलेले नाहीत. तो गेम सध्या त्याच्या विशलिस्टमध्ये आहे. परवा त्याने मला एका नव्या संकेतस्थळाची लिंक पाठवली. किमतीबद्दल एक शब्दही नव्हता. खाली एवढेच लिहिले होते : ‘‘दादा, हे की कोणाकडून घेतात?’’